निघा म्हटलं की निघणारी फौज

माझे मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांनी घर बांधलं आणि तिथल्याच एका कारखान्यावर ते सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. मी कॉलेजात इतिहास शिकवते. परक्या देशाच्या सैन्याला आपल्या जमिनीवर तळ द्यावा आणि त्याच्या भरवशावर निर्धास्त राहावं का, यावर आमचं कधीच पटलेलं नाही. पूर्वी हा वाद सणावाराला जेवणं झाल्यावर रंगायचा आणि तिथेच संपायचा. पण मामांचा धाकटा मुलगा दोह्यात एसी मेकॅनिक आहे. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, कतारचं आकाश विमानांना बंद झालं, आणि तेव्हापासून या वादात घरचं माणूस आलं. म्हणून दोघांचं म्हणणं एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं. मामांच्या बोलण्याची धार मी कुठे कमी केलेली नाही.

"तळ होता म्हणून पोरगं वाचलं," हा मामांचा पहिला मुद्दा. "एक सोडून बाकी क्षेपणास्त्रं वरच्या वर उडवली. एक माणूस दगावला नाही. कतारला हे स्वतःच्या जिवावर जमलं असतं का? तीसेक लाखांची वस्ती, त्यात अस्सल कतारी दहातला एक. एका बाजूला सौदी, समोर इराण. असल्या देशाने कोणाचा तरी हात धरायचाच."

"तळ नसता तर क्षेपणास्त्रं तिकडे आली कशाला असती, मामा? इराणचं भांडण कतारशी नव्हतंच. त्याच्या अणुकेंद्रांवर आदल्या दिवशी अमेरिकेने बाँब टाकले होते. राग अमेरिकेवरचा, आणि आवाज ऐकले आपल्या पोराने."

"आणि कुवेत? १९९० मध्ये कुवेतमध्ये कोणाचा तळ नव्हता. इराकच्या सद्दामने बघता बघता देश गिळला. आपली दीड लाखाच्या वर माणसं अम्मानमार्गे विमानाने आणावी लागली. घरदार, पगार, सगळं तिथेच टाकून आली."

कुवेतचा दाखला खोडता येत नाही. एकट्या लहान देशाचं काय होतं, हे त्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच दोह्यावर ९ सप्टेंबर २०२५ ला इस्रायलने हमासच्या नेत्यांना मारायला बाँब टाकले. अमेरिकी तळ तिथेच होता. दहा हजारांच्या आसपास अमेरिकी माणसं तिथेच होती. हा तळ कतारने स्वतःच्या पैशाने बांधून दिलेला आहे. मित्राच्या मित्राने येऊन घरात मारलं आणि पहाऱ्यावरचा बघत राहिला, असं मी म्हटलं.

"महिना उलटायच्या आत अमेरिकेच्या अध्यक्षांनी लेखी हमी दिली," मामा म्हणाले. "कतारवरचा हल्ला हा अमेरिकेच्या सुरक्षेला धोका मानू म्हणून."

"लेखी हमीचं काय होतं ते आपल्या मुलखाने चांगलं पाहिलंय."

इथून पुढे वाद दोह्यावरून हैदराबादवर आला, आणि माझ्या मते तो तिथेच यायला हवा. पुण्याच्या पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात तैनाती फौज घेतली आणि सोळा वर्षांत पेशवाई बुडाली, एवढं आपण शाळेत शिकतो. निजामाची गोष्ट त्याहून लांब आहे, आणि आपण मराठवाड्याची माणसं त्या गोष्टीत राहत होतो.

११ मार्च १७९५ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन पलटणी निजामाच्या पैशावर हैदराबादेत पोसल्या जात होत्या. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने त्या मराठ्यांविरुद्ध वापरू द्यायला नकार दिला. निजाम चिडला आणि रेमाँ या फ्रेंच सेनापतीच्या कवायती फौजेवर जास्त विसंबला. पण तीनच वर्षांत वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. सप्टेंबर १७९८ चा तह झाला, रेमाँच्या माघारी राहिलेल्या फ्रेंच फौजेची हत्यारं काढून घेतली गेली आणि वर्षाला चोवीस लाख रुपयांच्या बदल्यात कंपनीच्या सहा पलटणी निजामाच्या दारात आल्या. ऑक्टोबर १८०० मध्ये तह आणखी पक्का झाला. एकाचा शत्रू तो दोघांचा शत्रू, एकाचा मित्र तो दोघांचा मित्र, आणि हे कायमचं. निजामाने कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. फौज वाढली, तिचा खर्च भागवायला टिपूच्या लढायांत निजामाला मिळालेला बळ्ळारी, कडप्पा, अनंतपूरकडचा मुलूख कंपनीला कायमचा देऊन टाकला.

"नाटोच्या पाचव्या कलमात काय वेगळं आहे?" मी विचारलं. "एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला."

मामांनी मान हलवली. "वेगळं आहे. नाटोतल्या देशांना दुसऱ्याशी बोलायची बंदी नाही. आणि निजामाने सही केली ना? मग तक्रार कसली?"

"सही केली त्या कागदात कंटिन्जंट नव्हती."

यावर थोडं थांबायला हवं, कारण छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा, हिंगोलीचा, अंबाजोगाईचा, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचा, संबंध या कंटिन्जंटशी आहे. १८०० च्या तहात एवढंच होतं की लढाई लागली तर निजामाने आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यावं. शांततेच्या काळाबद्दल काही ठरलेलं नव्हतं. हैदराबादेतला कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याने पुढे निजामाच्या नावाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक नवी फौज उभी केली. आधी ती रसेल ब्रिगेड होती, पुढे हैदराबाद कंटिन्जंट झाली. पहिली तैनाती फौज होतीच, ही दुसरी. पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम रेसिडेंटचा. तिथल्या अधिकाऱ्याची नोकरी मिळावी म्हणून इंग्रज पोरं वशिले लावत, इतके भत्ते होते. खजिना पुरेना म्हणून हैदराबादच्या विल्यम पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढलं गेलं. ते फेडता फेडता कंपनी सरकारच सावकार झालं.

"मामा, तुमच्या फाटकावरच्या गार्डचा पगार कोण देतं?"

"कारखाना. एजन्सीचं महिन्याचं बिल येतं."

"त्याची ड्यूटी कोण लावतं, बदली कोण करतं?"

"एजन्सी."

"मालक म्हणाला, वीस गार्ड नकोत, दहा पुरेत?"

"मग दहा. बिल दहाचंच."

"आणि एजन्सी म्हणाली, वीसच ठेवावे लागतील, पैसे नसतील तर आमच्याकडून व्याजाने घ्या, आणि व्याज थकलं की मागचं गोडाऊन आमच्या ताब्यात द्या?"

"असल्या एजन्सीला मी फाटकाबाहेर काढीन."

"निजामाला काढता आलं नाही. फाटकावर तीच उभी होती."

गोडाऊन म्हणजे वऱ्हाड. २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौल्याने चाळीस लाखांवर गेलेल्या कर्जापोटी वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवकडचा भाग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली केले. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की कंटिन्जंट शांततेच्या काळातही पोसायला निजाम १८०० च्या तहाने बांधलेला नव्हता, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने आपल्या टिपणात कबूल केलेलं आहे. कबूल केलं आणि मुलूख घेतला. तो घेणारा करार मैत्रीच्या भाषेत लिहिलेला होता. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, कर्जही सोडलं, पण अट अशी की वऱ्हाडच्या वसुलाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडावर कायमचं पदरात पाडून घेतलं, आणि ज्या कंटिन्जंटच्या खर्चासाठी हे सगळं चाललं होतं ती पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळून टाकली. अमरावती-अकोल्याच्या कापूस पिकवणाऱ्या कुणब्याला या सगळ्यात कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

आणि ही फौज लढली कोणाशी? जून १८५७ मध्ये कंटिन्जंटचा पहिला रिसाला मोमिनाबादहून औरंगाबादेत आला होता. आपल्याला दख्खनबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, अशी कुणकुण लागली आणि स्वारांनी जायला नकार दिला. जनरल वुडबर्न नगरकडून तोफा घेऊन आला. दफेदार मीर फिदा अलीला फाशी झाली, कित्येकांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. आज आपण क्रांती चौक म्हणतो तो याच आठवणीचा. पण बाकीची कंटिन्जंट गेली. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्यात ती झाशीच्या वेढ्यात होती. म्हणजे निजामाच्या रक्षणासाठी म्हणून उभी केलेली, वऱ्हाडच्या शेतसाऱ्यावर पोसलेली फौज झाशीच्या राणीवर चालून गेली. तळ एकदा दिला की तिथून कोणावर चाल होईल हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. अल उदैदबद्दल मला जे वाटतं ते इथून येतं.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फौजेतल्या माणसाला ऐकून घ्यायची सवय असते. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी कधी काढला नव्हता.

"कंटिन्जंटच्या पायदळाचं पुढे काय झालं, ठाऊक आहे? हैदराबाद रेजिमेंट. १९४५ ला तिचं नाव कुमाऊं झालं. मेजर सोमनाथ शर्मा चौथ्या कुमाऊंचे. बडगामला त्यांनी श्रीनगरचा विमानतळ वाचवला, पहिलं परमवीर चक्र. रेझांग ला, तेरावी कुमाऊं. आणि रिसाल्यातून डेक्कन हॉर्स आली. असल उत्तरला १९६५ मध्ये पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले त्यात ती होती. फौज वाईट नसते, बाई. तिच्यावर हुकूम कोणाचा, ते बघायचं."

"मी तेच म्हणतेय."

"तू अर्धं म्हणतेस. दुसरं अर्धं मी सांगतो. टिपूने तैनाती फौज घेतली नाही. कुठे गेला टिपू? १७९९ ला संपला. शिंदे, भोसले लढले, इथेच असईला, भोकरदनजवळ, २३ सप्टेंबर १८०३ ला. एका दुपारीत हरले. आणि निजामाचं राज्य? १९४८ पर्यंत चाललं. दीडशे वर्षं! मोठ्या भांडणात सापडलेल्या लहान राजाने ज्याची तलवार लांब त्याच्या बाजूला उभं राहायचं. त्याला तू गुलामी म्हण, मी म्हणतो त्याने घर राखलं."

हा मामांचा सगळ्यात जड मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. असईच्या दिवशी शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची जी कत्तल केली ती आर्थर वेलस्लीला, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या भावाला, जन्मभर आठवत होती, तरी मैदान त्यानेच मारलं. दुर्बळाला पर्याय थोडे असतात. पण राज्य टिकलं म्हणजे कोणाचं टिकलं? टॉमस मन्रो हा कंपनीचाच अधिकारी. त्याने १८१७ मध्येच गव्हर्नर जनरलला लिहून कळवलं होतं की तैनाती फौजेमुळे राजाला बाहेरच्या शत्रूची भीती राहत नाही आणि प्रजेच्या बंडाचीही राहत नाही, म्हणून राज्य सडतं. वाईट राजाला त्याच्याच रयतेपासून वाचवायला परकी संगीन उभी असते. निजामाची गादी दीडशे वर्षं टिकली याचं एक कारण हे. त्या दीडशे वर्षांत मराठवाड्यात शाळा किती निघाल्या, रयतेला बोलायची मुभा किती होती, हे मामांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या वडिलांनी रझाकारांचे दिवस पाहिले होते.

"बरं," मामा म्हणाले, "जुनं सोड. शेंद्र्याला ऑरिक औद्योगिक वसाहतीत ह्योसंगचा कारखाना आहे ना? कोरियन. १९५३ मध्ये दक्षिण कोरिया बेचिराख होता. अमेरिकेशी संरक्षण करार केला, आजही अठ्ठावीस हजारांवर अमेरिकी सैनिक तिथे आहेत. त्या छत्राखाली त्यांनी पोलाद काढलं, जहाजं बांधली, आणि आता आपल्या पोरांना नोकऱ्या देताहेत. जपानचं तेच. जर्मनीचं तेच. आणि युक्रेनकडे बघ. १९९४ मध्ये बुडापेस्टला अणुबाँब देऊन टाकले, बदल्यात आश्वासनाचा कागद घेतला. त्यांच्या जमिनीवर मित्राचा एक शिपाई नव्हता. रशिया आत शिरला. शेजारच्या एस्टोनिया, लॅटव्हियात नाटोच्या पलटणी बसल्यात, तिथे शिरला का? कागद येत नाही ग धावून. जो आधीपासून तिथे उभा असतो तोच लढतो, कारण पहिली गोळी त्यालाच लागणार असते."

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कागदाच्या बाबतीत तर मामांच्या पदरात मीच आणखी एक दाखला टाकला, आपल्या शेजारचा. पोर्तुगाल नाटोच्या पहिल्या बारा देशांपैकी एक होता. इंग्लंडशी त्याची मैत्री चौदाव्या शतकापासूनची, जगातली सगळ्यात जुनी म्हणतात अशी. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेलं तेव्हा पोर्तुगालने या जुन्या मित्राकडे मदत मागितली. इंग्लंडने अंग काढून घेतलं. नाटोचा करार तर युरोप आणि उत्तर अटलांटिकच्या पट्ट्यापुरताच लिहिलेला होता, गोवा त्यात बसतच नव्हता. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. आपल्या बाजूने बरं झालं. पण लिस्बनच्या बाजूने बघितलं तर खर्ड्याला निजामाला जे कळलं तेच त्यांना कळलं.

"बघ!" मामा म्हणाले.

"पण मग मला सांगा, दोन्हीकडे मित्राच्याच पलटणी, तरी कोरिया आणि निजाम यांच्यात फरक कशाने पडला?"

मामांनी विचार केला. "कोरियाची स्वतःची फौज तगडी आहे."

"आहे. तरी आजही लढाई सुरू झाली तर दोन्ही देशांच्या एकत्र फौजेचा सेनापती अमेरिकी जनरलच असतो. शांततेच्या काळातला हुकूम कोरियाला परत मिळाला तो १९९४ मध्ये, करार होऊन चाळीस वर्षं झाल्यावर. कोरियन लोकांमध्ये यावरून भांडणं होतात, निवडणुका होतात, मोर्चे निघतात. माझ्या मते फरक तिथे आहे. त्यांना भांडता येतं. फ्रान्सला बघा. १९६६ मध्ये अध्यक्ष द गॉल म्हणाले, आमच्या जमिनीवरून सगळी परकी फौज हलवा. वर्षभरात हलली. फ्रान्स नाटोच्या करारात राहिला, मैत्री तुटली नाही. फिलिपाइन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये मतदान करून तळांचा करार नाकारला आणि पुढच्या वर्षअखेर सुबिक बेवरून शेवटचं अमेरिकी जहाज निघालं."

"आणि २०१४ मध्ये चीनला घाबरून त्यांनीच परत बोलावलं!"

"बोलावलं. पण तळ फिलिपाइन्सचेच राहतील, अमेरिकी सैन्य येऊन-जाऊन राहील, असं लिहून बोलावलं. एकदा निघा म्हणता आलं म्हणून दुसऱ्यांदा आपल्या अटीवर या म्हणता आलं. निजामाला हे एकदाही जमलं नाही. आणि जिथे सरकारला जमतं तिथेही ज्याच्या दारात तळ आहे त्याला जमतंच असं नाही. जपानच्या जमिनीचा शंभरातला एक हिस्सासुद्धा ओकिनावा नाही, आणि अमेरिकी तळांची सत्तर टक्के जमीन तिथे आहे. ओकिनावाचे लोक मोर्चे काढून थकले. दिएगो गार्सियावरचे लोक तर १९७३ पर्यंत उचलून मॉरिशस-सेशेल्सला टाकले, तळ बांधायला."

माझं म्हणणं इथे पूर्ण होतं. ज्यांच्या शेताच्या बांधापाशी परकी चौकी बसणार आहे त्यांना विचारलं होतं का, आणि ते नको म्हणाले तर ती उठेल का? एवढं असेल तर तळाला तळ म्हणा, नाहीतर ती कंटिन्जंट. तलवार किती लांब आहे हा प्रश्न माझ्यासाठी त्यानंतरचा.

मामा यावर लगेच काही बोलले नाहीत. मामींनी चहा आणला होता तो घेतला. मग त्यांनी श्रीलंकेचा विषय काढला, जो ते एरवी काढत नाहीत.

भारत-श्रीलंका करार २९ जुलै १९८७ ला झाला. राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या सह्या. कराराबरोबरच्या पत्रांत त्रिंकोमालीचाही उल्लेख होता, की ते बंदर भारताच्या हिताला बाधक होईल अशा लष्करी वापरासाठी कोणत्याही देशाला द्यायचं नाही. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदनेच्या वेळी एका सिंहली खलाशाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तरी आपली शांतिसेना गेली. मामा तेव्हा नुकतेच भरती झालेले शिपाई, महार रेजिमेंटमधले.

"सुरुवातीला लोकांनी हार घातले," मामा म्हणाले. "तमिळ बायका तांब्याने पाणी द्यायच्या. आमची चौकी वाव्हुनियाकडे एका शाळेच्या व्हरांड्यात होती. आत वर्ग तसाच. फळ्यावर भागाकार अर्धवट सोडवलेला, खडूची धूळ, बाकांवर मुलांनी कोरलेली नावं. आम्ही रेतीची पोती रचली, समोरची ताडाची झाडं तोडली, नजर लांब जावी म्हणून. ती झाडं कोणाची तरी होती. ताडाचा गूळ करायचे ते लोक. ऑक्टोबरात लिट्टेशी, म्हणजे तमिळ बंडखोरांशी, लढाई सुरू झाली आणि पाणी देणं बंद झालं. लिट्टेच्या धाकाने बंद झालं का झाडांमुळे, ते मला आजही सांगता येत नाही."

"शाळेचं काय झालं?"

"आम्ही होतो तोवर शाळा भरली नाही."

त्या अडीच वर्षांत बाराशेच्या आसपास भारतीय जवान तिथे मेले. मामांच्या रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. मग श्रीलंकेत प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि जून १९८९ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं, जुलैअखेर निघा. तोवर श्रीलंकेचं सरकार आणि लिट्टे एकमेकांशी बोलायला लागले होते, दोघांनाही आपण नको होतो. दिल्लीने आढेवेढे घेतले, तारीख पुढे ढकलली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली.

"तेव्हा राग आला नाही?"

"आला ना. ज्यांच्यासाठी मेलो तेच हाकलतात म्हणून डोकं फिरलं होतं. जहाजावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पण आता तुझी ती कंटिन्जंट ऐकताना वाटलं, आपण निघालो. उशिरा निघालो, पण निघालो. व्याज लावून जाफना लिहून घेतलं नाही."

"सरकारने बोलावलं होतं, लोकांनी नव्हतं, हाही फरक होताच की."

"लोकांनी बोलावलं तर फौज कशी दिसते ते मला वडिलांनी सांगितलंय. १९४८ च्या सप्टेंबरात आपलं सैन्य मराठवाड्यात आलं तेव्हा लोक रस्त्यावर भाकरी घेऊन उभे होते. निजामाने कुठे बोलावलं होतं? त्याने तर जैसे थे करार करून सिकंदराबादच्या छावणीतून भारतीय फौज त्याच वर्षी बाहेर काढली होती."

हे मी विसरले नव्हते, पण या वादात मांडलंही नव्हतं. निजामाला शेवटी फाटकावरची फौज हलवता आली ती १९४८ मध्ये, आणि ती हलल्यावर त्याच्या रयतेने त्याला सोबत केली नाही. दीडशे वर्षं ज्या संगिनीच्या आड तो बसला होता तिच्याशिवाय त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. मामांच्या "घर राखलं" या मुद्द्याला माझं उत्तर हेच होतं, आणि ते मला मामांनीच दिलं.

"मग आता आपलं सांग," मामांनी मोर्चा वळवला. "आपण काही लहान देश राहिलो नाही. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण धावपट्टी बांधली, २०२४ च्या फेब्रुवारीत तिचं उद्घाटन झालं. अमेरिकेशी २०१६ मध्ये इंधन-दुरुस्तीच्या सोयीचा करार केला. उद्या आपणच एजन्सी झालो तर? तुझी अट आपल्याला लावशील?"

"लावीन. २०१६ च्या करारात तळ नाही, हे मला त्यात सगळ्यात चांगलं वाटतं. जहाज आलं, तेल भरलं, बिल दिलं, गेलं. १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, तेव्हाही आपण त्यांना तळ दिला नाही, आणि बांगलादेशात लढून आपली फौज पुढच्या मार्चमध्ये परत आली. मालदीवला १९८८ मध्ये बंड झालं, अध्यक्ष गयूम यांनी बोलावलं, आपले छत्रीधारी सैनिक रातोरात गेले, आणि काम झाल्यावर बहुतेक लगेच परतले. असंच असावं."

"आणि २०२४ चं मालदीव?"

मालदीवचे अध्यक्ष मुइज्जू निवडून आले ते भारतीय सैनिक घालवतो असं सांगून. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान चालवायला आपली शंभरहूनही कमी माणसं तिथे होती. रुग्णांना बेटावरून बेटावर न्यायचं काम करत होती. १० मे २०२४ पर्यंत गणवेशातली सगळी परतली, त्यांच्या जागी साधे तंत्रज्ञ गेले, विमानं तिथेच राहिली. माझ्या दृष्टीने आपल्या परराष्ट्र व्यवहारातली ही चांगली गोष्ट आहे, आणि तिचं व्हायला हवं तेवढं कौतुक झालं नाही, असं मी म्हटलं.

"कौतुक?" मामा म्हणाले. "त्यांचे उपमंत्री आपल्या पंतप्रधानांबद्दल वाईट बोलले होते हे खरं. पण आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर काय काय शिव्या चालल्या होत्या तेव्हा! तिकिटं रद्द करा, एवढासा देश, आपण नसतो तर बुडाला असता. मी एकच मेसेज टाकला, की त्यांचं घर आहे, त्यांनी जा म्हटलं तर जायचं. दोघं जण तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. दोघंही वाव्हुनियाला माझ्याबरोबर होते."